सहा वर्षांच्या दिनूला बापावर लक्ष ठेवायला का सांगितलं? ‘गाभ्रीचा पाऊस’ आणि मुलांच्या नजरेतलं शेतीचं संकट

आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला एक काम देते. बापाची पाठ सोडायची नाही. तो शेतात गेला की शेतात जायचं, गावात गेला की गावात. मुलासाठी तो खेळच. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे आणि आपल्या नवऱ्याच्या डोक्यातही तोच विचार असेल, ही भीती आईच्या मनात घर करून बसली आहे. पोराला मात्र यातलं फार काही कळत नाही.

सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ या मराठी सिनेमाची ही गोष्ट. २००९ साली रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. कापूस पिकवणाऱ्या किसनाची भूमिका गिरीश कुलकर्णी यांनी केली, त्याची बायको अलका झाल्या सोनाली कुलकर्णी, म्हातारी आई ज्योती सुभाष आणि दिनू झाला अमन अत्तार.

‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडी बोलीतली शिवी. आता पावसाला कुणी शिवी का देईल? यवतमाळ, वर्धा, अमरावती भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कपाशीची लागवड होते. बियाणं आणि खतासाठी बँकेचं किंवा सावकाराचं कर्ज आधीच काढलेलं असतं. त्यानंतर पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली की कोवळी रोपं जळतात. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं आणि पुन्हा उधारी. एवढं करूनही नंतर पाऊस जास्त झाला तर उभं पीक हातचं जातं. काळी जमीन पाणी धरून ठेवते. दुष्काळात तिचा तो गुण ठरतो आणि अतिवृष्टीत तोच अंगावर येतो.

एवढा जड विषय असूनही सिनेमा रडका नाही. नवऱ्याला खूश ठेवण्यासाठी अलका जी धडपड करते, ती बघताना हसू येतं आणि लगेच त्या हसण्याचीच लाज वाटते. किसनाला कळत नाही की घरातले सगळे अचानक आपल्याशी इतके गोड का वागताहेत. मन्वर यांच्या सिनेमाची खरी ताकद इथे आहे. आत्महत्या झाल्यावर गावात येणारे पुढारी आणि कॅमेरे आपण पुष्कळदा पाहिलेत. ती होईल की काय, या धास्तीत घर दिवस कसे काढतं, हे क्वचितच कुणी दाखवलं.

मुलाच्या नजरेतून मोठ्यांचं संकट सांगायची ही रीत जगभरच्या सिनेमात दिसते. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता. मार्च १९४९ मध्ये काही दिवसांत तिथल्या २० हजारांहून अधिक लोकांना सैबेरियाकडे हद्दपार करण्यात आलं. मूनिका सीमेट्स यांचा ‘द लिटल कॉम्रेड’ (२०१८) त्याच काळात घडतो. कवयित्री लेलो तुंगाल यांच्या बालपणीच्या आठवणींवर तो आधारित आहे. चिमुकल्या लेलोच्या आईला पोलीस घेऊन जातात. आपण शहाण्यासारखं वागलो की आई परत येईल, असं पोरीला वाटतं. स्टालिनची राजवट आणि विदर्भातला कर्जबाजारीपणा यांची तुलना होऊ शकत नाही. पण लेलो आणि दिनू यांच्यात एक साम्य आहे. मोठ्यांनी काहीच समजावून सांगितलेलं नाही आणि आई-बापाला वाचवायची जबाबदारी मात्र आपली, असं दोघांनीही धरलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट पडद्यापुरती राहत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ पवनार भागात कुटुंबासह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. मरणाऱ्यांत पत्नी मालती आणि चार मुलं होती. ती मुलं या हिशेबात सहसा कुणाला आठवत नाहीत. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या पुढाकाराने १९ मार्चला अनेक जण एक दिवसाचा अन्नत्याग करतात.

मागे राहिलेल्यांची गोष्ट मराठी रंगभूमीवरही आली. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींनीच भूमिका केल्या. त्यांपैकी एक होत्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण वादानंतर मागे घेतलं गेलं आणि उद्घाटन येडे यांच्या हस्ते झालं. आयोजकांसाठी तो अडचणीतून काढलेला मार्ग होता, हे खरं. पण त्या दिवशी मंचावरून बोलणारी बाई दोन लेकरांना एकटीने वाढवणारी होती, हेही तितकंच खरं.

घरातला कर्ता गेल्यानंतर सरकारी भाषेत प्रश्न उरतो तो ‘पात्र’ की ‘अपात्र’ एवढाच. जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज कुणाचं, थकलं होतं का, हे तपासून जिल्हास्तरीय समिती निर्णय घेते. पात्र ठरलेल्या कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याची पद्धत २००६ च्या शासन निर्णयापासून आहे. त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. सातबारा आजोबांच्या नावावर असेल, तर शेत कसणाऱ्या बापाच्या मुलांना कागद जुळवायला वणवण करावी लागते. दिनूच्या वयाच्या मुलांसाठी तालुक्याच्या कचेरीची ओळख बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

(मनात आत्महत्येचे विचार येत असतील किंवा ओळखीतल्या कुणाबद्दल तशी काळजी वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.)