हत्यार आणि हात

पुण्यास उद्योगाविषयीं विचार करण्याची संवय जुनी आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८९० सालीं याच शहरांत औद्योगिक परिषदेपुढें देशांतील कारखानदारीचा प्रश्न मांडला. परंतु सभेंत पटलेला विचार आपोआप हातांत उतरत नाहीं. त्यासाठीं, जेथें कोणासही जाऊन हत्यार उचलतां येईल अशी जागा लागते. अशा सार्वजनिक कर्मशाळांची परंपरा पुणें आणि त्याच्या पंचक्रोशींत कशी वाढली, व ती कशानें टिकते, हें आम्ही येथें थोडक्यांत पाहणार आहों.

पहिलें उदाहरण तळेगांव दाभाडे येथील. अंताजी दामोदर काळे यांनीं सामान्य लोकांकडून एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवीं कांचेचा कारखाना निघाला. परदेशीं ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें शिकवीत. त्या भट्टीपाशीं तयार झालेले कारागीर पुढें देशभर पसरले व ठिकठिकाणीं कांचकाम करूं लागले. कारखान्याची थोर कमाई म्हणजे बाहेर पडलेला माल नव्हे, बाहेर पडलेले हात होत, असें आम्हांस वाटतें.

दुसरें उदाहरण शिरूर तालुक्यांतील पाबळ गांवचें. मस्तानीच्या समाधीमुळें इतिहासप्रेमी मंडळी या गांवास ओळखतात. पण त्याची निराळी ओळख १९८३ सालीं सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मुंबईंतील एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रांतील नोकरी सोडली, आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखालीं येथें 'विज्ञान आश्रम' काढला. शाळेंत मागें पडलेलीं मुलें तेथें लोखंड जोडणें, सुतारकाम, गवंडीकाम, विजेचें काम आणि शेती शिकत. शिकतां शिकतांच गांवाचीं कामें करून चार पैसे मिळवीत. पुस्तकांतील विज्ञान त्यांना कामाच्या ओघांत भेटे.

२००२ सालीं अमेरिकेंतील प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकारानें निघालेल्या 'फॅब लॅब' नांवाच्या प्रयोगशाळांपैकीं अगदीं आरंभींची एक पाबळास आली. संगणकाच्या आज्ञेनें कापणारीं व कोरणारीं यंत्रें खेड्यांत आलीं, याचें पुष्कळांस नवल वाटलें. आम्हांस त्याचें तितकें नवल वाटत नाहीं. यंत्र येण्यापूर्वीं एकोणीस वर्षें तेथें हत्यार चालत होतें. पुढच्याच वर्षीं डॉ. कलबाग वारले, तरीही काम चालूं राहिलें. कारण तें अनेकांच्या हातीं गेलें होतें.

या नव्या कर्मशाळेंत एक अदृश्य हत्यारही असतें: कामापुरता लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. एक प्रोग्रॅम चित्रांतून यंत्राच्या वाटचालीची रेषा काढतो. दुसरा त्या रेषेच्या, यंत्रास कळतील अशा आज्ञा करतो. सुतार दर वेळीं माप घेण्याचा त्रास चुकविण्यासाठीं फर्मा करून ठेवतो, तशांतलाच हा प्रकार. फर्मा दुसऱ्यास दिला कीं आपल्यापाशीं उरत नाहीं. प्रोग्रॅम मात्र शंभरांस देऊनही आपल्यापाशीं राहतो. पैसा फंडाच्या चालकांस असें हत्यार मिळतें तर हर्षच झाला असता!

पण येथेंच एक धोका आहे. फर्मा पाहतांच तो कशाचा हें जाणत्या सुतारास उमगतें. प्रोग्रॅमचें तसें नाहीं. लिहिणारा निघून गेला कीं मागचा विद्यार्थी अर्थ न कळतां तो चालवितो, आणि यंत्र बदलतांच हात टेकतो. तेव्हां कर्मशाळा चालविणाराचें कर्तव्य केवळ किल्ली सांभाळणें व पातीं बदलणें एवढ्यावर संपत नाहीं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर तो काय करतो, कोणत्या यंत्रासाठीं आहे व कोणता आंकडा बदलल्यास काय बदलेल, हें चार ओळींत मराठींत लिहून घेतलें पाहिजे. आजच्या संगणकभाषांत अशी देवनागरी टीप निर्वेध लिहितां येते. अडचण असते ती आळसाची.

नवीं यंत्रें देणगीनें मिळूं शकतात, आणि दहा वर्षांनीं जुनींही होतात. पैसा फंडानें व पाबळानें जें साधलें तें त्याहून कठीण होतें: शिकलेल्यानें दुसऱ्यास शिकवावें, ही रीत. आमच्या शहरांत नव्यानें कर्मशाळा काढणारांनीं यंत्रांची यादी करण्यापूर्वीं या रीतीचा विचार करावा, एवढीच आमची सूचना आहे.