उजेड पडला आणि करंट घटला

इलेक्ट्रिशियनच्या खिशातला टेस्टर बघितलाय ना? कशेळ्यात लाइट गेली की घरात आधी तोच शोधतात. त्यातला नारिंगी ठिपका म्हणजे निऑनचा इवलासा दिवा.

अशा दिव्यातून वीज जात असताना बाहेरून उजेड टाकला तर? करंट वाढेल, असं कोणीही म्हणेल. बनारस हिंदू विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक श्रीधर सर्वोत्तम जोशी यांना १९३०च्या दशकाअखेरीस नेमकं उलटं दिसलं, निऑनमध्ये नव्हे तर क्लोरीनमध्ये. दुहेरी भिंतींच्या काचेच्या नळीत क्लोरीन, बाहेरून काही हजार व्होल्टचा एसी. साधा उजेड पडला की करंट खाली, अंधार केला की परत वर! १९४१ साली जोशी आणि देशमुखांनी 'नेचर'मध्ये त्यावर लिहिलं. (पुढच्या पेपरात जोशी आणि देव. यादी वाचताना सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटतं.) याला 'जोशी इफेक्ट' असं नाव पडलं.

आता काही जण म्हणतात, यात नवीन काय? हॉलंडमध्ये फिलिप्सच्या पेनिंगने १९२८ सालीच हे निऑनमध्ये दाखवलं होतं. मला हे पटत नाही.

निऑनचा अणू १६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन एका अवस्थेत अडकून बसतो. खाली यायची सरळ वाट जवळपास बंद. एकटा सोडला तर दहा-पंधरा सेकंद तसाच. अणूच्या हिशेबात हे म्हणजे हँग झालेली प्रोसेस! नळीत किंचित आर्गॉन असेल तर हा अणू त्याला धडकून त्याचा इलेक्ट्रॉन उडवतो, कारण आर्गॉनला १५.८ पुरतात. करंटला हीच रसद. शेजारी दुसरी निऑनची नळी पेटवली की तिचा उजेड या अडकलेल्यांना वर उचलतो, तिथून ते झटकन घरंगळतात. रसद तुटते, आणि नळी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं.

हे अणू किती वेळ टिकतात, ते फेल्प्स आणि मोलनार यांनी अमेरिकेत १९५३ साली छान मोजलं. वीज बंद करायची, नळीतून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा आणि तो किती शोषला जातो ते पाहत राहायचं. अडकलेले अणू संपत जातील तसं शोषण घटतं. भिंतीवर आपटून आणि एकमेकांना धडकून ते संपतात, त्यामुळे नळीत हिशेब मिलिसेकंदांचा.

क्लोरीनचा स्वभावच वेगळा. तो इलेक्ट्रॉन दिसला की गिळतो. जोशींचं म्हणणं असं, की उजेडाने काचेवरच्या वायूच्या थरातून इलेक्ट्रॉन सुटतात, क्लोरीन ते पकडतो, आणि जडशीळ ऋण आयन वाट अडवून बसतात. लक्षण तेच, पण रोग निराळा. त्यामुळे जोशींना पेनिंगची नक्कल ठरवणं चूक, आणि 'पेनिंगचंही श्रेय आपलंच' म्हणून फॉरवर्ड फिरवणं त्याहून चूक.

१९५०च्या दशकात ऑक्सफर्डच्या फॉन एंगेल आणि हॅरीस यांनीही क्लोरीनवर उजेड टाकून पाहिला. परिणाम खराच निघाला. वाद उरला तो कारणाचा.