प्रातःप्रार्थना: मंडपेश्वरच्या मठापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

आजचा विषय तसा छोटा आहे. कॅथलिक पंथात सकाळची एक ठरलेली प्रार्थना असते. लॅटिनमध्ये तिला लाउदेस म्हणतात, इंग्रजीत लॉड्स. आपण आज तिला प्रातःप्रार्थना म्हणू. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीत, बोरिवलीत, मुलुंडला, ही प्रार्थना आता मोबाइलवर वाचली जाते. वाचणाऱ्यांत फादर आणि सिस्टर आहेत, तशी सकाळी कामाला निघालेली साधी प्रापंचिक माणसंही आहेत.

हे सगळं अगदी नवं वाटतं. माझं म्हणणं असं की, हा एका फार जुन्या प्रवासाचा पुढचा टप्पा आहे. दर टप्प्यावर ही प्रार्थना हलकी होत गेली आणि जास्त लोकांच्या हातात आली. आणि दर टप्प्यावर काहीतरी मागेही राहिलं. काय मागे राहिलं, ते आज आपल्याला बघायचं आहे.

आधी या प्रार्थनेत असतं काय? आपल्याकडे काकडआरतीला किंवा हरिपाठाला जसा ठरलेला क्रम असतो, तसाच इथेही आहे. सुरुवातीला एक गीत. मग एक स्तोत्र, जुन्या करारातलं एक गीत आणि पुन्हा एक स्तुतीचं स्तोत्र. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर एक पालुपद. त्यानंतर छोटं वाचन, मग लूकच्या शुभवर्तमानातलं जखऱ्याचं गीत, मग विनंत्या, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना आणि समारोप. गाभा कशाचा, तर स्तोत्रांचा. बायबलमध्ये अशी १५० स्तोत्रं आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिला. त्यात ही सगळी स्तोत्रं आठवड्याभरात म्हणून पुरी करायची असं ठरवलं होतं.

आता विचार करा, दीडशे स्तोत्रं, पालुपदं, वाचनं, सणावारांचे बदल. ह्याला किती पुस्तकं लागत असतील! स्तोत्रांचं वेगळं, गीतांचं वेगळं, वाचनांचं वेगळं. मठात ती जाडजूड हस्तलिखितं मांडून ठेवलेली असत आणि साधू दोन बाजूंना उभे राहून आळीपाळीने गात. एका बाजूने एक ओळ, दुसऱ्या बाजूने पुढची. म्हणजे ही प्रार्थना मुळात एकट्याची नव्हतीच.

तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधू आले. हे एका मठात बसून राहणारे नव्हते, गावोगाव फिरणारे होते. फिरत्या माणसाला पुस्तकांचा ढीग कसा परवडणार? त्यामुळे सगळं एकाच पुस्तकात आवळून बसवलेली आवृत्ती त्यांच्याबरोबर युरोपभर पसरली. तिचं नाव ब्रेव्हिअरी, म्हणजे संक्षेप. खिशात, झोळीत मावणारी प्रार्थना ही कल्पना मोबाइलच्या सातशे वर्षं आधीची आहे.

पण त्याच फ्रान्सिस्कनांच्या १२२३ च्या नियमात आणखी एक गोष्ट आहे. शिकलेल्या साधूंनी ब्रेव्हिअरीतून प्रार्थना म्हणावी आणि न शिकलेल्या बंधूंनी तिच्याऐवजी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावी. सकाळच्या प्रार्थनेऐवजी पाच वेळा, असा हिशेबही दिलेला आहे. म्हणजे पुस्तक हलकं झालं, तरी ते वाचता येणाऱ्याचंच राहिलं. ही रेघ लक्षात ठेवा, ती आपल्याला साष्टीत पुन्हा भेटणार आहे.

१५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन इथे आले. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराची, शैव, आत नटराजाचं शिल्प. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कनांनी ही लेणी ताब्यात घेतली. लेण्यात चर्च केलं, वर टेकडीवर मठ आणि विद्यालय बांधलं. एका धर्माच्या पूजास्थानावर दुसऱ्याचं चर्च उभं राहिलं, ही गोष्ट सत्तेच्या जोरावर झाली, तेही इथे स्पष्ट सांगायला हवं. आणि नियमाने बांधलेल्या या साधूंची सकाळ सुरू होई ती लॅटिन स्तोत्रांनी.

त्या टेकडीखालच्या गावांतल्या लोकांचं काय? नव्याने ख्रिस्ती झालेले शेतकरी, मीठ पिकवणारे, ताडी काढणारे लोक. त्यांची भाषा मराठीची बोली. लॅटिन स्तोत्रं त्यांच्यासाठी नव्हती. त्यांच्या वाट्याला आली ती रोझरी, म्हणजे जपमाळ. पूर्ण जपमाळेत ‘नमो मरिये’ ही प्रार्थना किती वेळा यायची? १५० वेळा! स्तोत्रं दीडशे म्हणून हा आकडा. युरोपातही ती न वाचता येणाऱ्यांची स्तोत्रसंहिताच होती. तीच रेघ, बघा: पुस्तक एका बाजूला, मणी दुसऱ्या बाजूला.

इथे मराठीची गोष्ट येते. १५७९ साली जेझुइटांनी आजच्या अंधेरी पूर्वेला संत जॉनचं चर्च बांधलं. त्याच साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याने मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, सुमारे अकरा हजार ओव्या. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ दि गिमराइश यांचं पुराण लिस्बनमध्ये छापलं गेलं, तेही आपल्या उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत. क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते टिकलं कशामुळे? लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. देवनागरीत छापलं जायला १९५६ साल उजाडलं. लोकांना आपल्या भाषेतली उपासना हवी असते आणि ती मिळाली की ते ती जपतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई. मंडपेश्वरचा मठ ओस पडला. संत जॉनचं चर्च लोकांनी १८४० मध्ये साथीमुळे सोडलं आणि वस्तीबरोबर ते मरोळला हललं. जुन्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत, जिथे १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक्सचे आणि पुढे सॉफ्टवेअरचे उद्योग उभे राहिले. गावठाणांत मात्र प्रार्थना चालूच राहिली, चौकातल्या क्रुसापाशी. १८९६ च्या प्लेगनंतर असे कितीतरी क्रूस उभे राहिले. तिथे संध्याकाळी जमून रोझरी व्हायची, सगळ्यांची मिळून. पुस्तक कुणाच्या हातात नसायचं, कारण प्रार्थना सगळ्यांना पाठ असायची.

मग आली दुसरी व्हॅटिकन परिषद. ४ डिसेंबर १९६३ ला तिने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना हे दिवसाचे दोन मुख्य आधार मानले गेले आणि प्रापंचिकांनीही ही प्रार्थना म्हणावी असं सुचवलं गेलं. लोकभाषेचा दरवाजा उघडला. बरोबर वर्षभराने, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईत आले. त्यांनीच १९७० मध्ये नव्या प्रार्थनाग्रंथाला मान्यता दिली. आता स्तोत्रं एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांत विभागली गेली. इंग्रजीत दोन आवृत्त्या निघाल्या, १९७४ ची ब्रिटिश तीन खंडांत आणि १९७५ ची अमेरिकन चार खंडांत.

परवानगी मिळाली, पण अडचण राहिलीच. तीन-चार जाड खंड, महाग, आणि वापरायला किचकट. आज कुठला आठवडा, कुठला सण, म्हणजे कुठून कुठे जायचं? त्यासाठी पुस्तकात रंगीत फिती लावलेल्या असतात. चाळीतल्या किंवा वन रूम किचनमधल्या माणसाने हे कधी शिकायचं? म्हणून १९६३ नंतरही बहुतेकांच्या हातात जपमाळच राहिली.

फितींचं हे काम पडद्याने सोडवलं. ‘युनिव्हर्सलिस’ या संकेतस्थळावर आजची प्रार्थना सलग, एका पानावर मिळते. २००८ मध्ये पाओलो पाद्रिनी या इटालियन धर्मगुरूंचं ‘आयब्रेव्हिअरी’ हे ॲप आलं. तारीख यंत्राला माहीत असते, पानं तेच लावतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद झाले, तेव्हा प्रार्थना घरात आणि पडद्यावर आली. १२२३ च्या नियमातली ती रेघ जवळजवळ पुसली गेली, असं म्हणायला हरकत नाही.

आता मागे काय राहिलं ते बघू. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, सोबत. समजा, गावठाणातल्या तीन शेजाऱ्यांनी सकाळी एकत्र प्रार्थना करायची ठरवली. एकाकडे युनिव्हर्सलिसचं संकेतस्थळ, दुसऱ्याकडे त्याचंच ॲप, तिसऱ्याकडे अमेरिकन आवृत्तीवरचं ॲप. स्तोत्र तेच, पण शब्द तिघांचे वेगळे! कारण स्तोत्रांच्या अनुवादांचे हक्क वेगवेगळे आहेत. संकेतस्थळ स्वतःचा अनुवाद देतं, ॲप ‘ग्रेल’ हा प्रचलित अनुवाद देतं. आळीपाळीने ओळ म्हणायची तर सूर जुळणार कसा? मठात हस्तलिखित जड होतं, पण सगळ्यांचं एकच होतं.

दुसरी, आपली माणसं. ६ फेब्रुवारीला सार्वत्रिक दिनदर्शिकेत पॉल मिकी आणि सोबत्यांचा दिवस असतो. नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर मारलेल्या त्या मंडळींत वसईचे गोन्सालो गार्सिया होते, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झालेले, स्वतः फ्रान्सिस्कन. भारताच्या दिनदर्शिकेत हा दिवस त्यांच्या नावाने आहे. पण सेटिंगमध्ये भारत निवडला तरच ते नाव समोर येतं. फिती लावणाऱ्याला हा फरक ठाऊक असायचा, कारण तो शोधावा लागायचा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, भाषा. युनिव्हर्सलिस इंग्रजी आणि लॅटिनमध्ये चालतं. ज्याला मराठीत म्हणायचं आहे, त्याला ॲपमधला स्तोत्रांचा क्रमांक बघून मराठी बायबल उघडावं लागतं. तिथेही खाचखळगे आहेत. पहिल्या आठवड्यातल्या रविवारचं पहिलं स्तोत्र ‘६२ (६३)’ असं दिलेलं दिसेल. जुन्या ग्रीक आणि लॅटिन अनुवादांत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलंय, म्हणून पुढचे बरेच आकडे एकाने मागे आहेत. मराठीत शोधायचं ते ६३ वं. त्यानंतर येतं दानीएलच्या तिसऱ्या अध्यायातलं, भट्टीतल्या तिघा तरुणांचं गीत, ५७ व्या वचनापासून. पण प्रॉटेस्टंट परंपरेच्या मराठी बायबलमध्ये तो अध्याय ३० व्या वचनावर संपतो! त्यासाठी कॅथलिक आवृत्तीच हवी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. अनुवादाचं एवढं मोठं काम मराठीत झालेलं आहे. फक्त ते सकाळी सहा वाजता, एका पानावर, क्रमाने समोर येत नाही.

म्हणून मी म्हणतो, प्रश्न तंत्रज्ञान चांगलं की वाईट हा नाहीच. ब्रेव्हिअरी हेही तंत्रज्ञानच होतं. प्रश्न असा आहे की दर वेळी हलकं होताना कोण कोणासोबत आणि कोणत्या भाषेत म्हणणार, हे कोण ठरवतं. क्रिस्तपुराणाच्या वेळी छापखाना दुसऱ्यांचा होता, लिपी दुसऱ्यांची होती, तरी लोकांनी ते हाताने उतरवून आपलं केलं. आज पडदाही दुसऱ्यांचाच आहे. उतरवून घ्यायचं काम मात्र अजून आपलंच आहे. चार आठवड्यांची मराठी स्तोत्रं एका वहीत क्रमाने लिहून काढायला चार-पाच शेजारी पुरतात, आणि त्या वहीतून म्हणताना शब्द सगळ्यांचे एकच असतात.