निरंकाची परंपरा

मलिक अंबराने 1610 मध्ये खडकीची वसाहत केली, तेव्हापासून आजच्या छत्रपती संभाजीनगरापर्यंत या शहराची नावे बदलली, धनी बदलले, कचेरीची भाषाही बदलली; परंतु दफ्तरदारीचा अंमल येथून कधी उठला नाही. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरविण्याची अंबराची पद्धत, औरंगजेबाच्या सुभेदारीत मुर्शिद कुलीखानाने लावलेली जमाबंदी, सालारजंगांच्या जिल्हाबंदीनंतर आकारास आलेल्या तालुका कचेऱ्या आणि 1948 च्या सप्टेंबरानंतर उर्दूची जागा क्रमाक्रमाने घेणारी मराठी, अशा सर्व पिढ्यांनी येथे रकाने आखले व भरले. आणि दौलताबादहून खुलदाबादकडे जाणाऱ्या वाटेवर कागजीपुरा तर हाताने कागद करण्याच्या व्यवसायावरच वसला. ज्या शहराने इतके रकाने भरले, त्या शहरातील कारकुनापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहिला असला पाहिजे: रकान्यात लिहिण्याजोगे काही नसेल, तर त्यात काय लिहावे?

आपल्या कचेऱ्यांनी या प्रश्नाचे जे उत्तर रूढ केले, ते मला प्रशासनाच्या इतिहासातील एक मोलाची कमाई वाटते. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सोयगाव अशा तालुक्यांतून जिल्ह्याला जाणारे एखादे मासिक विवरणपत्र घ्या. सांगण्यासारखे काही घडले नसेल, तर रकाना कोरा न ठेवता त्यात 'निरंक' असे लिहावे, खाली स्वाक्षरी करावी आणि कागद मुदतीत रवाना करावा, असा शिरस्ता आहे. कोऱ्या रकान्याकडे पाहून जिल्ह्याच्या अव्वल कारकुनाला काहीच निश्चित कळत नाही. घटना घडली नाही, की घडूनही लिहावयाची राहिली, की हा रकाना त्या तालुक्याला लागूच नाही, हे त्याला तर्कानेच ठरवावे लागते, आणि तर्कावर बांधलेली बेरीज पुढे मंत्रालयापर्यंत जाते. 'निरंक' लिहिले की अभावाला एक जबाबदार धनी मिळतो. 'लागू नाही' हा शेरा त्याहून वेगळा आणि 'अहवाल अप्राप्त' हा तर सर्वस्वी निराळा. कारण पहिल्या दोहोंत काम मिटते, तिसऱ्यात मात्र स्मरणपत्र धाडावे लागते. शिवाय विवरणपत्र जनावरांच्या रोगाचे असो, शस्त्रपरवान्यांचे असो वा प्रलंबित दाव्यांचे असो, संकलन करणाऱ्याची रीत एकच राहते: आकडा असेल तर मिळवावा, निरंक असेल तर पुढच्या तालुक्याकडे वळावे. रकान्याचा विषय बदलला म्हणून कोणी नवा नियम केला नाही.

जेथे हा शिरस्ता पाळता आला नाही, तेथे काय झाले, याची साक्ष महाराष्ट्रातील असंख्य वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा देतील. मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे, आणि प्रवेशाच्या नोंदवहीत तर तारीख लिहिणे भागच असे. म्हणून गुरुजी 1 जून ही तारीख मांडून मोकळे होत. पुढे हीच मुले सरकारी नोकरीत शिरली, आणि ज्यांचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा त्यांनी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हावे, या नियमामुळे दर वर्षी 31 मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रीघ लागू लागली. गुरुजींना मी दोष देणार नाही. दोष त्या नोंदवहीचा, जिच्यात 'माहीत नाही' असे प्रामाणिकपणे लिहिण्याची सोयच ठेवलेली नव्हती. खोटी तारीख खऱ्या तारखेच्या शेजारी बसली, की दोहोंत भेद करण्याचे कोणतेही साधन पुढच्या पिढीच्या हाती उरत नाही.

संगणकाच्या जगाने हाच प्रश्न नव्याने भोगला. टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेची रचना चालू असताना, संदर्भ कोणत्याच वस्तूकडे जात नसेल तर त्याला 'नल' मानावे, अशी तजवीज केली, कारण ती करावयास अत्यंत सोपी होती. परिणाम असा झाला की प्रत्येक संदर्भ रिकामा असण्याचा संभव निर्माण झाला, परंतु तो रिकामा आहे की नाही हे त्याच्या प्रकारावरून ओळखता येईना. पाहिल्यावाचून जो त्याला हात घालील, त्याचा प्रोग्राम चालता चालता कोसळे. 2009 मध्ये लंडनच्या एका परिषदेत होअर यांनी या तजविजीला स्वतःची एक अब्ज डॉलरची चूक म्हटले. विदासंचयांच्या क्षेत्रात एडगर कॉड यांनीही या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज घेतली आणि 1990 च्या आपल्या ग्रंथात दोन स्वतंत्र खुणांचा आग्रह धरला: मूल्य संभवते पण हाती नाही, यासाठी एक, आणि मूल्य मुळीच संभवत नाही, यासाठी दुसरी. आमच्या कारकुनाला हा भेद परका वाटला नसता.

यावरचा टिकाऊ तोडगा निघाला तो एमएल या भाषेच्या परंपरेत. रॉबिन मिल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरो विद्यापीठात 1970 च्या दशकात ती घडविली. या परंपरेत 'ऑप्शन' नावाचा प्रकार रूढ झाला. हॅस्केलने त्याला 'मेबी' म्हटले, आणि 2014 मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत व स्विफ्टमध्ये, तसेच पुढे रस्टमध्ये, तो सर्वसामान्य प्रोग्रामरच्या रोजच्या वापरात आला. जे मूल्य असेल किंवा नसेल ते एका लखोट्यात घालून द्यावयाचे, आणि लखोटा पाहताच हा रिकामा असू शकतो हे कंपायलरला कळावे, अशी ही योजना आहे. आत दिनांक असो, रक्कम असो वा नाव असो, लखोटा हाताळणारे जेनेरिक फंक्शन एकच. आतील प्रकाराच्या जागी त्याच्या व्याख्येत केवळ एक अक्षर असते. 'मॅप' हे फंक्शन आत काही असेल तर त्यावर दिलेली क्रिया करते, नसेल तर रिकामा लखोटा तसाच पुढे देते. 'अनरॅप ऑर' रिकाम्याच्या जागी पर्यायी मूल्य मागते, आणि येथे मात्र मनुष्याने सावध राहिले पाहिजे. कारण विचार न करता दिलेले पर्यायी मूल्य म्हणजे पुन्हा गुरुजींचा 1 जूनच. ते द्यावयाचेच तर अगदी शेवटच्या टप्प्यावर, जेथे ते पर्यायी आहे हे वापरणाऱ्यास ठाऊक आहे, तेथेच द्यावे.

नोंद नसणे आणि 'नाही' अशी नोंद असणे यांतील अंतर मराठवाड्याला अलीकडे फार जवळून पाहावे लागले. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींच्या शोधार्थ मोडी व उर्दू कागद, खासरा पत्रके, पाहणी पत्रके पुन्हा उघडली गेली. पान जीर्ण होऊन गळाले असेल, तर त्या कुटुंबाविषयी दफ्तर मौन पाळते. त्या मौनाला नकार समजणे हा अन्याय ठरेल, आणि होकार समजणेही तितकेच अयोग्य.

म्हणूनच आजच्या संगणकीय सातबाऱ्यावरील एक लहानशी ओळ मला समाधान देते. त्या उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक असतो, आणि कोणताही फेरफार मंजुरीवाचून पडून नसेल, तर ती जागा मोकळी न सोडता तेथे स्पष्ट छापलेले असते: 'प्रलंबित फेरफार : नाही'. फुलंब्रीचा किंवा सिल्लोडचा जो शेतकरी हा उतारा घेऊन पीककर्जासाठी बँकेत जातो, त्याला त्या ओळीविषयी तलाठ्याकडे पुन्हा विचारणा करण्यास जावे लागत नाही.