लांकडी भिंतनकाशे आणि सालेकसा मुलखाच्या सीमा

जिल्ह्याचा जुना नकाशा लांकडाच्या फळीवर कोरवून दिवाणखान्यांत टांगण्याची हौस हल्लीं दिसून येते. ही हौस अगदींच नवी नव्हे. ख्रिस्तोफर सॅक्स्टन यानें इंग्लंडांतील परगण्यांचे नकाशे सन १५७९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या आधारें राल्फ शेल्डन या जमीनदारानें वॉरिकशायर वगैरे चार परगण्यांचे नकाशे पडद्यांत विणवून आपल्या वाड्याच्या भिंती मढविल्या. सॅक्स्टनचे मूळ नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. आपल्याकडे मिरजेस १८०५ सालीं छापलेली गीताही तांब्याच्या पत्र्यावरूनच निघाली. छपाईचा ठसा उलटा कोरावा लागतो. तेव्हां ज्या फळीवरील अक्षरें सुलट वाचतां येतात ती मुद्रणाचा जुना ठसा नसून मागाहून केलेली नक्कल होय, हें उघड आहे.

मूळ कागदाच्या कडेस असणारें साल व छापखान्याचें नांव फळीवर बहुधा उतरत नाहीं. मग कालनिर्णय सीमांवरूनच करावा लागतो. या परीक्षेस गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील सालेकसा तालुका फार सोईचा आहे. गांव जागचें हललें नाहीं, पण त्याचे शेजारी वारंवार बदलले. भंडारा, शिवनी व मंडला यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा १८६७ सालीं झाला. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० ते १८८२ या काळांत टप्प्याटप्प्यानें सुरू झाली. दरेकशाचा बोगदा याच मार्गावर आहे. पूर्वेस खैरागड व नांदगांव हीं संस्थानें १९४८ पर्यंत होतीं. भंडारा जिल्हा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, १९९९ सालीं त्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि पुढील वर्षीं पूर्वेस छत्तीसगड राज्य उभें राहिलें.

येथें एक सावधगिरी बाळगावी. फळीवर गोंदिया स्वतंत्र जिल्हा दाखविला असेल तर तिचा मूळ नकाशा १९९९ पूर्वींचा नव्हे, हें निश्चित. मग लांकडास कितीही जुनाट रंग दिलेला असो! परंतु रेल्वे दिसत नाहीं म्हणून तो १८८० पूर्वींचा, असें अनुमान काढूं नये. कोरणारा शोभेसाठीं बारीक रेषा गाळतो.

हा वाद केवळ हौशी लोकांचा नाहीं. सालेकशाच्या जंगलपट्टींत गोंड वस्ती मोठी असून कचारगडच्या गुहा हें त्यांचें तीर्थ आहे. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्याखालील नियमांत गॅझेटियर व नकाशे हे दाव्याचे पुरावे म्हणून मान्य आहेत. अशा दाव्यांत नाला कोठून वाहतो आणि पाऊलवाट कोणत्या गांवास जाते, हेंच विचारलें जातें. मूळ कागदावर या खुणा सांपडूं शकतात. फळीवर त्या सर्वांआधीं गाळल्या जातात.