युनिक्सचा शक

कालगणनेला आरंभ लागतो, हे शालिवाहन शक मानणाऱ्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली रचली, तेव्हा फाइलीवर काळ नोंदण्यासाठी त्यांनाही शक योजावा लागला. १९७१ च्या पुस्तिकेत तो १ जानेवारी १९७१ पासून धरून सेकंदाचे साठावे भाग मोजले आहेत. बत्तीस बिटांचा खाना सव्वादोन वर्षांतच भरे. पुढे पूर्ण सेकंद मोजू लागले व आरंभ १९७० वर स्थिरावला. परंतु जेथे खाना बत्तीस बिटांचाच राहील, तेथे १९ जानेवारी २०३८ रोजी आकडा उलटून ऋण होईल आणि तारीख १९०१ सालात पडेल. चौसष्ट बिटांचा खाना हा त्यावर उपाय. तारीख ही दस्तऐवजाची साक्ष होय. ती आपणच जपली नाही, तर उद्याच्या इतिहासकाराने विसंबावे कशावर?