स्ट्रेच मार्क्स

त्वचा थोड्या काळात फार ताणली गेल्यामुळे, किंवा संप्रेरकांतील बदलांमुळे तिचा आतला आधार कमकुवत झाल्यामुळे, तिच्यावर जे लांबट व एकमेकांना समांतर व्रण उमटतात त्यांना स्ट्रेच मार्क्स किंवा ताणरेषा म्हणतात. गरोदरपणात त्या पोट, स्तन व मांड्यांवर दिसतात. वयात येताना मुलींच्या मांड्या व नितंबांवर, झपाट्याने उंच होणाऱ्या मुलांच्या पाठीच्या खालच्या भागावर आडव्या, तर व्यायामशाळेत घाईने स्नायू वाढवणाऱ्यांच्या खांद्यांवर त्या उमटतात. गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक जणींना, बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यानंतर, त्या येतात आणि कमी वयातील पहिलटकरणींमध्ये, आईला अशा रेषा असलेल्यांमध्ये किंवा वजन फार वाढलेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण जास्त आढळते. त्यांच्या मुळाशी आनुवंशिकता व संप्रेरके असल्याने बाळंतिणीने तेल लावण्यात आळस केला म्हणून त्या आल्या, असा ठपका तिच्यावर ठेवणे सर्वस्वी चूक आहे.

त्वचेच्या वरच्या पातळ थराला बाह्यत्वचा आणि त्याखालच्या जाड थराला अंतस्त्वचा म्हणतात. अंतस्त्वचेतील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू त्वचेला बळकटी देतात, तर इलॅस्टिनचे तंतू ताण सुटल्यावर तिला मूळ स्थितीत आणतात. ताणरेषेच्या जागी हे तंतू तुटतात व विस्कळीत होतात, तेथे दाह होतो आणि रक्तवाहिन्या फुगल्याने रेषा तांबूस किंवा जांभळट, किंचित उंचावलेली व खाजरी होते. सावळ्या त्वचेवर ती पुष्कळदा गडद तपकिरी दिसते. काही महिन्यांनी दाह ओसरतो, वरची त्वचा पातळ होते आणि रेषा पांढरट, सुरकुतलेली व चकचकीत बनते. तिच्यावरून बोट फिरवले तर आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा मऊ व किंचित खोलगट लागते. उपचाराचे यश या दोन अवस्थांवरच अवलंबून असते, कारण तांबूस रेषेत भरून येण्याची प्रक्रिया चालू असते आणि पांढरी रेषा हा पक्का झालेला व्रण असतो. कोणत्याही उपायाने रेषा समूळ नाहीशा होत नाहीत. त्या फिक्या, अरुंद व कमी खोल करता येतात, एवढेच वैद्यकाला साधले आहे.

लावण्याच्या औषधांपैकी ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून बनलेले औषध सर्वांत परिचित आहे. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत 0.1 टक्के ट्रेटिनॉइनचे क्रीम 24 आठवडे रोज लावल्यावर नव्या रेषांची लांबी सरासरी 14 टक्क्यांनी आणि रुंदी 8 टक्क्यांनी घटली. औषधाचा गुण खरा असला तरी तो किती मर्यादित आहे, हे या आकड्यांवरून कळते. गरोदरपणात हे औषध वर्ज्य असल्याने, रेषा ताज्या असतात नेमक्या त्या महिन्यांत ते वापरता येत नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही ते डॉक्टरांना विचारूनच लावावे लागते. कोको बटर व ऑलिव्ह तेल यांची मोठी जाहिरात होते. परंतु गर्भवतींवरील चाचण्यांत रेषा टाळण्याच्या बाबतीत त्यांचा लाभ दिसला नाही. लावण्याच्या अशा औषधांविषयीच्या 6 चाचण्या व 800 स्त्रिया यांचा 2012 मधील कॉक्रेन आढावाही याच निष्कर्षाला आला. खोबरेल किंवा तिळाच्या तेलाच्या मालिशीने ताणलेल्या पोटाची कोरड व खाज कमी होते आणि तेवढ्यासाठी ती जरूर करावी.

आयुर्वेदात या विकाराला किक्किस म्हणतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात त्याचे वर्णन सातव्या महिन्याच्या संदर्भात येते. गर्भाचे केस उगवल्याने आईची आग होते, ही स्त्रियांमधील समजूत तेथे नाकारली आहे आणि गर्भाच्या दाबाने दोष वर सरकून आधी आग, मग खाज व खाजेतून किक्किस होतो, अशी उपपत्ती दिली आहे. चंदनादी लेपांबरोबरच, त्वचा फाटून विद्रूप होऊ नये म्हणून खाजवणे टाळावे, असेही त्यात सांगितले आहे.

यांत्रिक उपचारांत तांबूस रेषांसाठी 585 नॅनोमीटर तरंगलांबीचा पल्स्ड डाय लेसर वापरतात. तो फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर काम करतो. जुन्या रेषांसाठी फ्रॅक्शनल लेसर किंवा मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडून नवे कोलॅजेन तयार करवणे, हे मार्ग आहेत. दोन्हींना काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. भारतीय त्वचेवर लेसरनंतर काळपट डाग राहण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच जास्त असल्याने हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडूनच, आधी लहान भागावर करून पाहून, करवून घेणे इष्ट ठरते. उन्हात त्वचा रापवून रेषा झाकण्याचा प्रयत्न उलटतो, कारण भोवतालची त्वचा काळवंडते आणि पांढरी रेषा अधिकच उठून दिसते.

भारतात ताणरेषांचे एक टाळता येण्याजोगे कारण फार मोठे आहे. जांघेत किंवा काखेत गजकर्ण झाले की औषधाच्या दुकानातून बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टिरॉइड मिसळलेले क्रीम परस्पर आणून महिनोन्‌महिने लावले जाते. खाज दोन दिवसांत थांबत असल्याने रुग्णाला बरे वाटते. पण स्टिरॉइड कोलॅजेनची निर्मिती रोखते आणि त्वचेच्या घडीत, ओलाव्यामुळे, अधिक शोषले जाते. परिणामी मांडीच्या आतील बाजूस रुंद, लालभडक रेषा पडतात, बुरशी पसरतच राहते आणि क्रीम सोडल्यावरही रेषा जात नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ट्यूबवरील घटकांची नावे वाचल्याशिवाय गजकर्णावर कोणतेही क्रीम लावू नये.

गरोदरपण, वयात येण्याचा काळ किंवा वजनवाढ यांपैकी काहीच नसताना एक सेंटिमीटरहून रुंद, गडद जांभळ्या रेषा उमटल्या आणि त्यांच्या जोडीला चेहऱ्याची सूज, वाढलेला रक्तदाब किंवा किरकोळ धक्क्याने काळेनिळे पडणे ही लक्षणे दिसली, तर शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक अतिरिक्त झाल्याने होणाऱ्या कुशिंग विकाराची शंका घ्यावी लागते. अशा व्यक्तीने सौंदर्योपचाराकडे वळण्याआधी डॉक्टरांना भेटून त्यासाठीची तपासणी करून घ्यावी.